नवा पोपट दाण्यांशिवाय कशालाच चोच लावत नाही, तेव्हा काय तपासावे

दुसऱ्या घरातून आलेला पोपट सांभाळायला घेतल्यावर बहुतेकांची एकच तक्रार असते. वाटीत चिरलेल्या भाज्या, फळे, पेलेट (सर्व पोषक घटक एकत्र करून बनवलेल्या खाद्याच्या गोळ्या) असे सगळे मांडून ठेवलेले असते आणि पक्षी त्यातून फक्त सूर्यफुलाच्या बिया वेचून खातो. उरलेले चोचीने उडवून पिंजऱ्याच्या तळाशी टाकतो. गेल्या काही वर्षांत बजरीगर, कॉकटील, कोन्यूर आणि दोन आफ्रिकन ग्रे अशा लहान-मोठ्या जातींच्या बऱ्याच पोपटांचा आहार मी बदलला आहे. तक्रार प्रत्येक वेळी सारखीच होती, पण तिचे मूळ निरनिराळ्या ठिकाणी सापडले. म्हणून सगळे उपाय एकदम करू नयेत. ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी तपासावे आणि मग पुढे जावे.

लक्षणे

निवडून खाणे हे सर्वांत ठळक लक्षण आहे. त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिसते: वाटीत अनोळखी रंगाची वस्तू ठेवली की पक्षी दांडीच्या दुसऱ्या टोकाला सरकतो, पिसे अंगाला घट्ट चिकटवतो, मान लांब करतो आणि मग दाण्यांच्या वाटीकडेही बराच वेळ फिरकत नाही. काही पक्षी नवे खाद्य तोंडात घेतात, परंतु त्याचा चुरा करून खाली सांडतात, आणि मालकाला वाटते की ते पोटात गेले.

जुन्या, एकसुरी आहाराच्या खुणा शरीरावर दिसतात. पिसांची चकाकी जाते, त्वचेला कोंडा सुटतो, नाकपुड्यांभोवती खपली धरते, पक्षी वरचेवर शिंकतो, डोळ्यांभोवती सूज येते, तळपायांची खडबडीत त्वचा गुळगुळीत आणि लालसर होते, चोच वेड्यावाकड्या वेगाने वाढते. वर्षानुवर्षे केवळ बियांवर राहिलेल्या पक्ष्यात यांतल्या दोन-तीन खुणा तरी सापडतातच. सोललेल्या सूर्यफुलाच्या बीमध्ये जवळजवळ निम्मी चरबी असते; अ जीवनसत्त्व नाममात्र असते, कॅल्शियम कमी असते आणि फॉस्फरस त्याच्या कित्येक पटींनी जास्त असतो. अ जीवनसत्त्व कमी पडले की नाक, तोंड आणि श्वासमार्ग यांचे आतले अस्तर जाड व कोरडे होते आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. म्हणूनच वारंवार होणाऱ्या सर्दीचे मूळ पुष्कळदा खाद्याच्या वाटीत सापडते. चोचीची बेसुमार वाढ मात्र चरबीने ग्रासलेल्या यकृताची खूण असू शकते.

पक्षी पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला असेल, प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपूट वरखाली होत असेल, तो चोच उघडी ठेवून श्वास घेत असेल, त्याला वारंवार उलटी होत असेल, झटके येत असतील, किंवा विष्ठेत रक्त अथवा न पचलेले अख्खे दाणे दिसत असतील, तर पुढचे काहीही वाचत बसू नये. हा आहाराचा प्रश्न राहिलेला नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

पहिली तपासणी: वाटीवर फुंकर

पोपट बी तोंडात फिरवून सोलतो, गर गिळतो आणि फोलपट तिथेच टाकतो. त्यामुळे रिकामी झालेली वाटी दुरून भरलेली दिसते. एका बजरीगराबद्दल मला सांगण्यात आले होते की वाटी दोन दिवसांपासून तशीच आहे, तो आता दाणेसुद्धा खात नाही, बहुधा रुसला आहे. मी वाटी तोंडाजवळ धरून हलकेच फुंकर मारली. फिकट फोलपटांचा ढग उडाला आणि खाली स्टीलचा तळ लख्ख दिसला. एकही दाणा शिल्लक नव्हता. तो पक्षी रुसलेला नव्हता, उपाशी होता. वाटी रोज रिकामी करून, धुऊन, कोरडी करून मोजून भरावी, आणि संध्याकाळी उरलेले खाद्य फोलपटे उडवून पुन्हा मोजावे. पक्षी नेमके किती खातो हे कळल्याशिवाय त्याच्या खाण्यात फेरबदल करण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी: वजन

या सगळ्यात एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती एक ग्रॅमपर्यंत अचूक मोजणारा स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा असावी. पेलेटची पिशवी नंतर आणली तरी चालेल, परंतु काट्याशिवाय आहार बदलायला घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पिसांखाली पक्षी किती खंगला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि पक्षी आजारपण अंगाशी येईपर्यंत लपवतात.

सकाळची पहिली मोठी विष्ठा झाल्यावर आणि खाद्य देण्याआधी वजन घ्यावे. काट्यावर छोटी दांडी किंवा डबा ठेवून काटा शून्यावर आणावा आणि पक्ष्याला त्यावर उभे राहण्याची सवय लावावी. ती लागायला दोन-चार दिवस जातात. पहिला आठवडा आहारात काहीच न बदलता फक्त नोंद करावी, म्हणजे त्या पक्ष्याचे नेहमीचे वजन हाती येते. पुढे खाद्य बदलताना वजन रोज तपासावे. मूळ वजनाच्या सुमारे ३ टक्के घट दिसली तर बदलाचा वेग कमी करावा, आणि घट १० टक्क्यांकडे जात असेल तर लगेच जुन्या खाद्यावर परत येऊन डॉक्टरांना दाखवावे. ९० ग्रॅमच्या कॉकटीलच्या बाबतीत हे १० टक्के म्हणजे केवळ ९ ग्रॅम. ३५ ग्रॅमच्या बजरीगरात तर एका ग्रॅमची घटसुद्धा जवळजवळ ३ टक्के होते. ‘एखादा ग्रॅम इकडे-तिकडे’ असे त्याच्या बाबतीत म्हणता येत नाही.

पक्षी हाताळू देत असेल तर छातीच्या मधोमध असलेले उभे हाड बोटाने हलकेच चाचपावे. दोन्ही बाजूंना स्नायू भरलेले असावेत. हाड धारेसारखे हाताला लागले तर पक्षी खंगलेला आहे. ते सापडतच नसेल तर चरबी साठलेली आहे. काटा फक्त आकडा सांगतो. तो आकडा हाडाचा, मांसाचा की चरबीचा, हे बोटाला कळते.

तिसरी तपासणी: पिंजऱ्याच्या तळाचा कागद

तळाला भुसा वगैरे न घालता साधा पांढरा कागद घालावा आणि तो रोज बदलावा. निरोगी विष्ठेत तीन भाग वेगळे ओळखू येतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि पारदर्शक पाणी. पक्षी पुरेसे खात नसेल तर विष्ठांची संख्या कमी होते आणि घट्ट भाग बारीक, गडद हिरवा ते काळपट दिसतो. वाटीची जेथे फसगत होते तेथे कागद खरे काय ते सांगतो.

रसाळ फळे-भाज्या खाल्ल्यावर पाण्याचा भाग वाढतो. पुष्कळजण त्याला जुलाब समजून भाज्या बंद करतात आणि महिन्याभराची मेहनत वाया जाते. घट्ट भागाला आकार असेल तर तो जुलाब नव्हे. रंगीत पेलेटने विष्ठेला लालसर छटा येते, तीही घाबरण्यासारखी नसते. पांढरा भाग मात्र पिवळा किंवा हिरवा दिसू लागला तर यकृताची शंका घेऊन डॉक्टरांना दाखवावे.

चौथी तपासणी: अडचण खाद्याची आहे की नव्या घराची

पक्षी येऊन दोन आठवडेही झाले नसतील तर आहार बदलायची घाई करू नये. त्याच्यासाठी माणसे, आवाज, उजेड आणि पिंजऱ्याची दिशा हे सगळेच बदललेले असते. अशा वेळी ओळखीचे खाद्य हाच त्याचा एकमेव आधार असतो. आधीच्या घरी तो काय खात होता, कोणत्या वाटीतून, दिवसाच्या कोणत्या वेळी, हे खोदून विचारावे आणि शक्य तर तीच वाटी मागून घ्यावी. एका कॉकटीलने माझ्याकडे आल्यावर पहिले तीन दिवस जेमतेम खाल्ले. मी वेगवेगळे दाणे आणून पाहत राहिले आणि शेवटी कळले की आधी त्याची वाटी वरच्या दांडीला लागून होती, तर मी ती तळाशी ठेवत होते. वाटी वर टांगल्यावर तो अर्ध्या तासात खायला बसला. बिथरलेला पक्षी उंचावरून खाली उतरायला धजत नाही.

पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून असावी, वाटीजवळ कुत्र्या-मांजरांचा वावर नसावा, आणि रात्री १० ते १२ तास अंधार व शांतता मिळावी. झोप न झालेला पक्षी नव्या गोष्टींना जास्तच बिचकतो.

पाचवी तपासणी: त्याला ते खाद्य म्हणून ओळखू येते का

पक्षी हट्टी आहे, असे म्हणण्याची घाई होते ती येथेच. रानात पोपटाचे पिल्लू काय खायचे हे आई-बापाकडे आणि थव्याकडे पाहून शिकते. पिंजऱ्यात केवळ बियांवर वाढलेल्या पक्ष्याला गाजराचा तुकडा आवडत नाही असे नसते. तो तुकडा खायचा असतो हेच त्याला ठाऊक नसते. माणसाच्या जिभेवर हजारो रुचिकलिका असतात, पोपटाच्या तोंडात त्या ३०० ते ४०० इतक्याच असतात. त्यामुळे चवीआधी तो आकार, रंग आणि चोचीला जाणवणारा पोत यांवरून निवड करतो. (मिरचीचा तिखटपणा तर पक्ष्यांना जाणवतच नाही, लाल मिरची ते आनंदाने फोडतात आणि त्यांना तिच्यातून अ जीवनसत्त्वासाठी लागणारे घटकही मिळतात.)

म्हणून एकच भाजी, निरनिराळ्या रूपांत, पुनःपुन्हा समोर यायला हवी. लहान पक्ष्यांसाठी गाजर किंवा रताळे दाण्याएवढे बारीक चिरावे, कापडावर टिपून कोरडे करावे आणि त्यांच्या नेहमीच्या दाण्यांत थोडेसे मिसळावे. ओलसर तुकडे दाण्यांना चिकटले तर पक्षी दाणेही टाकून देतो. बजरीगराला ओल्या पानांत अंग घासून अंघोळ करायला आवडते. स्वच्छ धुतलेली, पाणी ठिबकणारी पानांची जुडी पिंजऱ्याच्या छताला टांगली की तो आधी अंघोळीसाठी येतो, मग पान कुरतडतो, आणि कुरतडता कुरतडता गिळतो. मोठ्या पोपटांना उलट बारीक चिरलेले नको असते. त्यांना सालीसकट मोठा तुकडा द्यावा, तो पायात धरून फाडण्यातच त्यांचे मन रमते. शिजवलेले कोमट रताळे किंवा भोपळा बऱ्याचदा थंड तुकड्यापेक्षा लवकर स्वीकारला जातो. मात्र ते आपल्या मनगटावर टेकवून पाहावे, गरम लागले तर देऊ नये.

सर्वांत गुणकारी उपाय बिनखर्चाचा आहे: त्याच्यासमोर बसून आपण ते खावे. एका आफ्रिकन ग्रेने अकरा दिवस लाल ढोबळी मिरचीकडे ढुंकून पाहिले नाही. बाराव्या दिवशी मी त्याला काहीही न देता पिंजऱ्याशेजारी बसून अर्धी मिरची सावकाश खाल्ली आणि उरलेली अर्धी, आतल्या बियांचा पांढरा गाभा वर राहील अशी, दांडीजवळ अडकवली. तो बराच वेळ एका डोळ्याने पाहत राहिला. मग दांडीवरून एकेक पाऊल टाकत आला, चोचीच्या टोकाने एक बी उचलली, जिभेने फिरवली आणि टाकून दिली. दुसरीही टाकली. तिसरी मात्र फोडून गिळली. त्याला ‘बी’ ओळखीची होती. तेथून गरापर्यंत पोहोचायला आणखी चार दिवस लागले.

भाज्या निवडताना गडद नारिंगी, लाल आणि गडद हिरवा रंग पाहावा: गाजर, नारिंगी गराचे रताळे, लाल भोपळा, ढोबळी मिरची, ब्रोकोली, गडद पालेभाज्या. काकडीसारख्या पाणीदार भाज्या खायला हरकत नाही, परंतु त्यांनी पोषणाची उणीव भरून निघत नाही. पालक वरचेवर देऊ नये, कारण त्यातील ऑक्सॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. फळे थोडीच द्यावीत. गोडाची चटक लागली की भाज्या मागे पडतात. ओले खाद्य दोन-तीन तासांत काढून घ्यावे, उकाड्यात त्याहून लवकर. मोड आलेल्या कडधान्यांना जरासा जरी आंबूस वास आला तरी ती फेकून द्यावीत.

सहावी तपासणी: दाणे दिवसभर समोर असतात का

चोवीस तास भरलेली दाण्यांची वाटी समोर असेल तर कोणताही पक्षी अनोळखी गोष्टीच्या वाटेला जाणार नाही. पोपट निसर्गातही प्रामुख्याने सकाळी आणि संध्याकाळी खातात, मधला वेळ विश्रांतीचा असतो. तेव्हा सकाळी भूक असताना तासभर नवे खाद्य ठेवावे, त्यानंतर मोजून दाणे द्यावेत, संध्याकाळी तसेच.

येथे एक इशारा: ‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा सल्ला ऐकू नये. लहान पक्ष्यांची चयापचय क्रिया इतकी वेगवान असते की एक-दोन दिवसांच्या उपासानेही ते दगावू शकतात. अनोळखी वस्तूला अन्न न मानणारा पक्षी भरलेल्या वाटीसमोरही उपाशी राहतो. वेळ बदलावी; दिवसाचा एकूण दाणा एकाएकी तोडू नये.

सातवी तपासणी: पेलेट

पेलेटमध्ये सर्व घटक एकाच गोळीत असल्याने पक्ष्याला निवड करता येत नाही. बहुतेक पोपटांसाठी अंतिमतः ६० ते ७० टक्के पेलेट, त्याखालोखाल भाज्या आणि थोडी फळे व बिया हे प्रमाण ठीक असते. आधी पिशवी तपासावी: गोळीचा आकार त्या चोचीला योग्य आहे का, मुदत उलटलेली नाही ना, वास खवट नाही ना. पुष्कळदा पक्षी नाकारतो ती गोळी खरोखरच शिळी असते.

कोरडी गोळी चालली नाही तर ती कोमट पाण्यात भिजवून मऊ करावी, किंवा तिची भुकटी रताळ्याच्या लगद्यात मिसळून त्यात ओळखीचे दाणे खोचावेत. दाणे उपसताना लगदा चोचीला लागतोच. दर आठवड्याला दाण्यांचे प्रमाण साधारण दहाव्या हिश्शाने घटवावे, तेही वजन स्थिर असेल तरच. काही पक्षी दोन महिन्यांत वळतात, म्हाताऱ्या पक्ष्याला वर्षही लागते. लोरी जातीच्या पोपटांचा नैसर्गिक आहार मधुरस आणि पराग यांचा असल्याने त्यांना हे प्रमाण लागू होत नाही. एक्लेक्टस पोपटांना जादा जीवनसत्त्वे घातलेले खाद्य सोसत नाही असे अनुभवास येते, तेव्हा त्यांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेलेटवर भर देऊ नये.

आठवी तपासणी: औषधे आणि पूरके

कोरड्या दाण्यांवर शिंपडलेली जीवनसत्त्वांची भुकटी फोलपटाबरोबर तळाशी जाते. पाण्यात मिसळलेले थेंब पाण्याची चव बदलतात, पक्षी पाणी कमी पितो आणि त्या पाण्यात जंतूही वाढतात. पेलेट खाणाऱ्या पक्ष्याला वरून आणखी अ आणि ड जीवनसत्त्व दिले तर ते शरीरात साठून अपाय करते. दाणे सोलून खाणाऱ्या पोपटाला वाळूच्या खड्यांची गरज नसते, उलट त्यांनी पोट तुंबू शकते. पिंजऱ्यात समुद्रफेणी ठेवायला मात्र हरकत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्यासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते, आणि आफ्रिकन ग्रे पक्ष्यांत कॅल्शियम उतरून झटके येण्याचा धोका अधिक असल्याने त्यांच्या बाबतीत हे विसरू नये.

ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, मद्य, कांदा, लसूण, खारट पदार्थ आणि सफरचंदाच्या बिया देऊ नयेत. बुरशीचा जरासा जरी संशय आला तर शेंगदाणे टाकून द्यावेत.

कुठे थांबावे

वजन १० टक्क्यांनी घटले, विष्ठा गडद आणि तुरळक झाली, पक्षी एक पूर्ण दिवस काहीच खात नाही, भरपूर खाऊनही खंगतो आहे, किंवा तोंडात पांढरे ठिपके दिसले, तर घरचे प्रयोग तेथेच थांबवावेत. बजरीगर श्वास घेताना टिकटिक असा आवाज करत असेल तर आयोडीनच्या कमतरतेने वाढलेली गलग्रंथी श्वासनलिकेवर दाब देत असण्याची शक्यता असते. त्यावर भाज्यांनी उतारा पडत नाही. जस्त किंवा शिसे पोटात गेलेला पक्षीही जेवण सोडतो, आणि ते रक्ताच्या व क्ष-किरण तपासणीशिवाय कळत नाही. पिंजऱ्याच्या तारेवरचा मुलामा कुरतडलेला दिसत असेल तर ही गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

पक्ष्यांवर उपचार करण्याचा अनुभव असलेले पशुवैद्य शोधावेत आणि जाताना वजनाची वही, त्या दिवशीचा विष्ठेचा कागद व खाद्याच्या पिशवीवरील घटकांचा फोटो बरोबर न्यावा. प्रवासात पिंजऱ्यावर पातळ कापड टाकावे आणि आत नेहमीचेच दाणे ठेवावेत. घरातल्या कोणाला त्याच सुमारास ताप आणि कोरडा खोकला झाला असेल, तर त्यांनी आपल्या डॉक्टरांना घरी नवा पोपट आल्याचे सांगावे, कारण पोपटाच्या विष्ठेच्या धुळीतून माणसाला होणारा जिवाणूसंसर्ग त्यांना एरवी सुचणार नाही.